बिनपगारी हार्वर्ड

बॉस्टनच्या आसपास कुठल्याही मराठी घरात मे महिन्यात आईवडील नाहीतर सासूसासरे उतरले, की पहिला आठवडा जेट लॅगचा, दुसरा कॉस्टकोचा आणि तिसरा अण्णांचा. हा क्रम ठरलेला. मुलगा-सून कामावर गेली की पाहुणे दिवसभर खिडकीतून खारी बघत बसतात. चार दिवस खारींचं कौतुक होतं, पाचव्या दिवशी परतीच्या तिकिटाची चौकशी सुरू होते. मग कुणीतरी म्हणतं, "अण्णांना फोन करा. ते हार्वर्ड दाखवतात."

अण्णा हार्वर्डमध्ये शिकलेले नाहीत. तिथे कधी नोकरीलाही नव्हते. अर्जसुद्धा केला नाही, त्यामुळे नकाराचं दुःखही नाही. निवृत्त होईपर्यंत ते रूट १२८ च्या कडेला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होते, आणि त्या कंपनीबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. हार्वर्डबद्दल मात्र त्यांना थांबवायला वहिनींचा फोन यावा लागतो. जी मंडळी तिथे खरोखर शिकली ती "बॉस्टनकडे होतो" एवढंच पुटपुटतात. 'आमचं हार्वर्ड' म्हणणारे एकटे अण्णाच.

मूळचे ते वाईचे. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. विश्वकोशाची कचेरी वाईतच, प्राज्ञ पाठशाळा तर १९१६ पासूनची. त्यामुळे पंक्चर काढायला येणारं गिऱ्हाईक एकतर शेतकरी, नाहीतर संस्कृतचा पंडित. पंक्चर निघेस्तोवर पंडित बाकड्यावर बसून वाद घालायचे आणि लहानगे अण्णा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे. "आम्ही विद्वानांच्या चाकांत हवा भरलीय," असं ते अभिमानानं सांगतात. मला वाटतं, त्यांचा पुढचा सगळा उद्योग हा त्या हवेचाच आहे.

अण्णांच्या सहलीचे नियम कडक असतात. गाडी थेट हार्वर्डच्या गावात, केंब्रिजला, न्यायची नाही. तिथे पार्किंग शोधण्यात माणसाचं आयुष्य जातं. गाडी एलवाइफला लावायची आणि रेड लाइन धरायची. डेव्हिस, पोर्टर, हार्वर्ड. पोर्टरला उतरायचं काम नसतं, तरी अण्णा दोन मिनिटांच्या त्या थांब्यात सांगून घेतात की हे स्टेशन जमिनीखाली शंभर फुटांहून खोल आहे. हे ऐकल्यावर एखादी आजी हमखास पर्स छातीशी धरते. हार्वर्डला वर आलं, की अण्णा घड्याळ बघतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "सोळाशे छत्तीस. शिवाजी महाराज सहा वर्षांचे."

हीच त्यांची पद्धत. अमेरिकेचं कुठलंही साल ते सुटं सोडत नाहीत. त्याला लगेच मराठी इतिहासाची खुंटी सापडते. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं कॉलेज काढायचा ठराव करून चारशे पौंड मंजूर केले ते १६३६ साल, म्हणजे तिकडे निजामशाही बुडाली ते. आवारातली सगळ्यात जुनी उभी इमारत, मॅसॅच्युसेट्स हॉल, १७२० ची. "बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली त्याच वर्षी!" असं म्हणून अण्णा त्या लाल विटांकडे असं बघतात, जणू वस्त्रं तिथेच वाळत घातली होती. १७७५ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टननं याच गावात सैन्याची सूत्रं हाती घेतली, आणि राघोबादादा इंग्रजांच्या वळचणीला गेले तेही त्याच साली. "एक इंग्रजांवर निघाला, एक इंग्रजांकडे," अण्णा म्हणतात आणि थोडा वेळ कुणाशी बोलत नाहीत. सगळा घोळका मुकाट उभा राहतो. खारीसुद्धा.

हे हास्यास्पद आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. पण माझ्या लक्षात आलंय की अमेरिकेतली बाकी सगळी स्थळं पाहुण्यांच्या डोक्यात फोटोपुरतीच राहतात, नायगारासुद्धा. अण्णांनी दाखवलेला मॅसॅच्युसेट्स हॉल मात्र माझ्या वडिलांना पुण्यात गेल्यावरही सालासकट आठवत होता.

मग येतो पुतळा. जॉन हार्वर्ड खुर्चीत बसलेला, मांडीवर उघडं पुस्तक. डॅनिअल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराचं हे १८८४ चं काम. ("डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली ते साल. लिहून घ्या.") चौथऱ्यावर कोरलंय: जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८. यातल्या तिन्ही गोष्टी खोट्या, म्हणून याला तीन लबाड्यांचा पुतळा म्हणतात. चेहरा जॉन हार्वर्डचा नव्हे, कारण त्याचं चित्र कुठे शिल्लकच नव्हतं. शिल्पकारानं कॉलेजातल्या एका पोराला समोर बसवून काम भागवलं. तो संस्थापक नव्हे. कॉलेज वसाहतीनं काढलं, हा बिचारा १६३८ साली क्षयानं गेला आणि जाताना निम्मी मिळकत आणि चारशेच्या आसपास पुस्तकं कॉलेजला देऊन गेला. आणि स्थापनेचं साल तर वर आलंच आहे. एवढं सगळं अण्णा एका दमात सांगतात, पण पाहुण्यांचं लक्ष केव्हाच पुतळ्याच्या डाव्या बुटाकडे गेलेलं असतं. बाकी पुतळा काळपट आणि तेवढाच बूट चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखा लखलखीत. हात लावला की नशीब उघडतं अशी समजूत, त्यामुळे जगभरचे आईबाप तिथे आपापल्या पोरांची उंची विसरून त्यांना वर उचलत असतात.

माझी आई त्या बुटापाशी गेली. तिनं विचारलं, "कोण हे?"

"दाता," अण्णा म्हणाले. "मरताना पुस्तकं देऊन गेला."

झालं. आईनं पदर खांद्यावरून घेतला, दोन्ही हातांनी बूट धरला आणि डोकं टेकवून नमस्कार केला. मागच्या रांगेतल्या एका चिनी कुटुंबानं फोटो काढले. अण्णा मात्र कासावीस. कारण रात्री त्याच बुटाशी तिथली पोरं काय करतात याबद्दल गावात जी ख्याती आहे, ती कुणाच्या आईला सांगण्यासारखी नाही. त्यांनी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि म्हणाले, "काकू, हात पुढे करा." आईनं उजवा हात पुढे केला, डावा खाली धरला, तळव्याची वाटी केली. थेंब पडला. हात तोंडाकडे निघाला.

"चोळा! काकू, चोळा! प्यायचं नाही!"

तेव्हापासून अण्णा बुटाच्या आधीच बाटली काढतात.

पुतळ्यानंतर वायडनर ग्रंथालय. इथे अण्णांचा आवाज आपोआप खाली येतो. हॅरी वायडनर हा पुस्तकवेडा पोरगा १९१२ साली टायटॅनिकवर बुडाला. त्याच्या आईनं त्याच्या नावानं हे ग्रंथालय बांधून दिलं, १९१५ साली उघडलं. या ठिकाणी सगळ्या बायकांचे डोळे भरून येतात. नवरे पायऱ्या मोजतात. आत फळ्यांची एकूण लांबी ५७ मैल आहे असं सांगतात. "पुण्याहून निघालात तर वाई येऊन वर चार-पाच किलोमीटर उरतील," अण्णा म्हणतात. "नुसती पुस्तकं!" आणि मग सगळे त्या मोठ्या खांबांकडे बघत पायऱ्यांवर बसतात, कारण ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. अण्णांनीही ते आतून पाहिलेलं नाही. एकदा मी म्हटलं, "अण्णा, ओळखीनं पास मिळेल की. कुणाला तरी सांगू या." ते म्हणाले, "नको. बाहेरून नीट कळतं."

जॉन हार्वर्डच्या पुस्तकांची गोष्ट इथेच होते. १७६४ साली, म्हणजे पानिपतानंतर तीन वर्षांनी, कॉलेजचं ग्रंथालय जळालं. त्याची पुस्तकं गेली, एक सोडून. सांगतात असं, की कुणा पोरानं ते मुदतीत परत केलंच नव्हतं. "वेळेवर परत केलेली सगळी जळाली," अण्णा म्हणतात. साताऱ्याचे एक काका हे ऐकून इतके खूश झाले, की नगर वाचनालयाचं एक पुस्तक आपण १९८१ पासून सांभाळतो आहोत हे त्यांनी बायकोसमोर पहिल्यांदा कबूल केलं.

मग यार्डातल्या रंगीत खुर्च्यांवर वहिनींचा डबा उघडतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासात चहा. वहिनी स्वतः कधी येत नाहीत. "मी ऐकलंय सगळं," म्हणतात. डबा मात्र माणसं मोजून देतात.

पोट भरलं, पाय दुखायला लागले, कुणी "आता घरी" म्हणणार तेवढ्यात अण्णा हुकमाचं पान टाकतात. धर्मानंद कोसंबी. गोव्यातलं घर सोडून बौद्ध धर्म शिकायच्या ध्यासानं पुणं, काशी, नेपाळ, सिलोन पालथं घातलेला माणूस. शाळेत असा कितीसा गेलेला? आणि त्याला १९१० साली हार्वर्डचं बोलावणं येतं! वॉरन नावाचा विद्वान 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचं काम अर्धवट टाकून वारला होता; ते पुरं करायला माणूस हवा होता. लॅनमन हे संस्कृतचे बडे प्राध्यापक. श्रेय कुणाचं यावरून त्यांचं आणि कोसंबींचं बिनसलं. कोसंबी परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. ग्रंथ छापून निघाला तो १९५० साली, तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. १९१८ मध्ये ते दुसऱ्यांदा गेले तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर. दामोदर इथल्याच शाळेत वाढला, १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतली, पुढचे डी. डी. कोसंबी ते हेच, गणिती आणि इतिहासकार.

"आणि ते राहायचे," अण्णा हात लांब करतात, "त्या घरात."

सगळे बघतात. लाकडी फळ्यांचं, फिकट रंगाचं, पुढे छोटा व्हरांडा असलेलं घर. दोन मावश्या हात जोडतात. कुणी फोटो काढतं. मग सगळे घरासमोरच्या झाडाखाली टेकतात.

मी अण्णांबरोबर बऱ्याचदा गेलो आहे आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. कोसंबींचं घर दर वेळी वेगळं असतं. एकदा ते निळं होतं, एकदा पिवळं. ऑगस्टमध्ये ते नेहमी डाव्या हाताला असतं, कारण दुपारी सावली डाव्या बाजूला पडते. गुडघे दुखणारी मंडळी असतील तर घर स्टेशनाच्या जवळ येतं. एकदा पाऊस होता तेव्हा कोसंबी चक्क एका कॉफीच्या दुकानाच्या वर राहायचे. मी शेवटी विचारलंच. अण्णांनी मान हलवली. "नक्की घर कुठलं ते मला सापडलं नाही," म्हणाले. "पण राहिले तर होतेच ना या गावात? मग बसायला बरी जागा बघून दाखवतो. तीन लबाड्या त्यांच्या, एक आपली."

या माणसाला कुणी हरवेल असं वाटलं नव्हतं. पण ते एका जूनमध्ये ब्रॅटल स्ट्रीटवर झालं.

ब्रॅटल स्ट्रीटला लाँगफेलो कवीचं घर आहे, पिवळं, ऐसपैस. वॉशिंग्टनचा मुक्कामही त्याच घरात होता. अण्णा बागेत सगळ्यांना बसवून सांगत होते: लाँगफेलोची बायको १८६१ मध्ये अंगावरचा झगा पेटून गेली, तिला विझवताना तोही भाजला, चेहऱ्यावरचे व्रण झाकायला त्यानं दाढी वाढवली, आणि दुःख गिळायला दान्तेचं महाकाव्य इंग्रजीत आणायला बसला. दर बुधवारी मित्र जमायचे, ओळ न् ओळ वाचायचे, मग जेवायचे. १८६७ मध्ये भाषांतर निघालं. अमेरिकेत दान्ते रुजला तो या घरातून.

"इटली म्हणालात म्हणून सांगतो," मागून आवाज आला. कोल्हापूरचे एक निवृत्त प्राध्यापक होते, इतिहासाचे. मुलगी पादुआला संशोधन करते, तिच्याकडे दीड महिना राहून मुलाकडे इकडे आले होते. सकाळपासून गप्प होते. "तुमचं हे गाव छान आहे, अण्णा. नवं आहे, पण छान आहे."

"नवं?" अण्णा म्हणाले.

"पादुआचं विद्यापीठ १२२२ चं. गॅलिलिओ अठरा वर्षं तिथे शिकवत होता. १५९२ मध्ये तो तिथे आला तेव्हा तुमच्या या जागेवर जंगल होतं. शरीर फाडून शिकवायचं गोल प्रेक्षागृह आहे, लाकडी, तेही सोळाव्या शतकातलं. १६७८ साली एका बाईला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट दिली त्यांनी. आणि पादुआ म्हणजे धाकटी पाती. बोलोन्यात भांडण झालं म्हणून काही मास्तर आणि पोरं उठून पादुआला आली. बोलोन्याचं साल १०८८ धरतात."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांचे ओठ हलत होते. मला माहीत होतं काय चाललंय ते: खुंटी शोधत होते. १०८८ ला पेशवे नाहीत. महाराज नाहीत. ज्ञानेश्वरांनाही दोनशे वर्षं अवकाश. त्या दिवशी परतताना पोर्टर स्टेशन आलं आणि गेलं, पण ते किती खोल आहे हे कुणालाच कळलं नाही.

त्या हिवाळ्यात अण्णा फारसे दिसले नाहीत. बर्फ होतं हे खरं, पण बर्फाला ते एरवी जुमानत नाहीत. जानेवारीत मी गेलो, तर जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे ढीग, वहिनी ओट्याशी उभ्यानं जेवताहेत, आणि अण्णा कोल्हापूरला फोन लावताहेत. इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे सकाळचे आठ. फोन स्पीकरवर होता.

"सर, एक विचारू? बोलोन्यात मास्तरांना कोण नेमायचं माहीत आहे का? विद्यार्थी! तास उशिरा सुरू केला तर मास्तरला दंड. गावाबाहेर जायचं तर अनामत ठेवून जायचं, पळून गेला तर?"

पलीकडे शांतता. "आमच्या वेळी ही सोय नव्हती हे बरं," सर म्हणाले.

"आणि तुम्ही ते भांडणाचं म्हणालात ना? मी सगळं काढलं. बोलोन्यातून रुसून गेले, पादुआ निघालं. ऑक्सफर्डमधून १२०९ मध्ये पळाले, तिकडचं केंब्रिज झालं. त्या केंब्रिजच्या लोकांनी इथे हार्वर्ड काढलं. हार्वर्ड बिघडलं म्हणून तिथल्याच पदवीधरांनी १७०१ मध्ये येल काढलं. सर, हे तर आपलं मराठी मंडळ!"

सर मनापासून हसले. अण्णांना जोर चढला. त्यांनी आता मुख्य अस्त्र काढलं. १०८८ ला कल्याणीला चालुक्य विक्रमादित्य सहावा. बोलोन्यात रोमन कायद्याचे पाठ सुरू झाले त्याच सुमाराच्या पिढीत इकडे त्याच्या दरबारी विज्ञानेश्वर 'मिताक्षरा' लिहीत होते, पुढे शतकानुशतकं वारसाहक्क ज्यावरून ठरले तो ग्रंथ. "आणि तुमचं पादुआ १२२२ ना? चाळीसगावजवळ पाटणे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला, तिथला शिलालेख १२०७ चा आहे. पंधरा वर्षं आधी, सर! खानदेशात!"

"वाचलाय मी तो," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही कधी गेलाय पाटण्याला?"

अण्णा थांबले.

"नाही."

"मग तिथे पाहुण्यांना कोण फिरवतं?"

वहिनींनी ताटातून मान वर केली. अण्णा बराच वेळ टेबलावरच्या पुस्तकांची थप्पी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "सर, तिथे रेड लाइन जात नाही हो."

पुढच्या सप्टेंबरात अण्णा आणि वहिनी इटलीला गेले. व्हेनिस नाही, रोम नाही, लोक चक्रावले. सरांच्या मुलीनं पादुआत एक दिवस फिरवलं, तिथून थेट बोलोन्या. तिथून त्यांचे ध्वनिसंदेश यायला लागले, एकेक कीर्तनाएवढा. जुन्या गावात ३८ किलोमीटर कमानीदार पडव्या आहेत, पाऊस आला तरी छत्री लागत नाही. आसिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच, पण चढलो नाही, कारण शिकत असताना जो चढेल त्याला पदवी मिळत नाही असं इथली पोरं मानतात. "उगाच कशाला जोखीम?" सत्तरीचे अण्णा म्हणत होते.

त्यानंतरचा संदेश चुकून चालू राहिला असावा. आजूबाजूला बरीच मराठी माणसं बोलत होती. एका पर्यटन कंपनीचा नाशिककडचा घोळका रस्ता चुकून त्या पडवीत शिरला होता. एका बाईंचे गुडघे दुखत होते. मग अण्णांनी घसा साफ केलेला ऐकू आलं.

"कोपर्निकस इथे शिकायला होता बरं का. १४९६ ला आला. आणि राहायचा कुठे म्हणाल, तर ही समोरची पायरी दिसते ना सावलीतली, त्याच घरात. बसा, बसा सगळे."

आणि मागून वहिनींचा आवाज: "अहो, आपण कालच आलोय."